चाकोरीत न मावलेलं तिसरं चाक

 

आजचा भाग मी पंखा बंद ठेवून रेकॉर्ड केलाय. पंख्याची घरघर माइकमध्ये येते. बाहेर मे महिना आहे. त्यामुळे मध्येमध्ये पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज येईल, तो तसाच राहू दिलाय. विषयच असा आहे की तो आवाज शोभून दिसेल.

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, अकोल्यात किंवा चंद्रपुरात तुम्ही कधी रिक्षात बसलात का? हवा अंगाला लागते, पण ती हवा नसतेच, इस्त्रीची वाफ असते. रिक्षावाले काका डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळतात, पाण्याच्या बाटलीवर ओलं फडकं बांधतात, आणि दर सिग्नलला सावली शोधून चार हात अलीकडेच थांबतात. आता कल्पना करा, त्या रिक्षाला टप नाही. दोन्ही बाजूंना झाड नाही, घर नाही, टपरी नाही. आणि पेट्रोल संपलंय.

१९०७च्या जून महिन्यात गोबीच्या वाळवंटात दोन फ्रेंच माणसांवर नेमकी हीच वेळ आली. एकाचं नाव ओग्युस्त पॉन्स. दुसरा त्याचा मेकॅनिक, फूको. त्यांच्याखाली होती तीन चाकांची एक मोटारसायकल. आजची गोष्ट या दोघांची, आणि खरं सांगायचं तर त्यांना मागे सोडून गेलेल्यांचीही.

सुरुवात पॅरिसपासून करू. ३१ जानेवारी १९०७. 'ल मातँ' नावाच्या तिथल्या मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर एक आव्हान छापलं. आशय असा, की मोटार असेल तर माणूस कुठेही जाऊ शकतो, हे सिद्ध करायला येत्या उन्हाळ्यात पेकिंगहून पॅरिसला मोटारीने यायला कुणी तयार आहे का? पेकिंग म्हणजे आजचं बीजिंग. अंतर साधारण १५ हजार किलोमीटर. 'येत्या उन्हाळ्यात' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पॅरिसमध्ये बसून उन्हाळा म्हणजे छान गोष्ट. रस्ते कोरडे, दिवस मोठे. बक्षीस काय, तर शॅम्पेनची एक मोठी बाटली. पण खरं बक्षीस होतं जाहिरात. मोटार ही तेव्हा श्रीमंतांची हौस होती, आणि कारखानदारांना दाखवायचं होतं की ही वस्तू टिकते, चालते, जग पालथं घालते.

चाळीसेक जणांनी नावं दिली. प्रत्यक्षात बोटीवर गाड्या चढवायची वेळ आली तेव्हा उरल्या पाच.

पहिली इटाला. इटलीच्या प्रिन्स शिपिओने बोर्गेझेची. इंजिन सात लिटरच्या वर, ताकद ३५ ते ४५ हॉर्सपॉवर. सोबत एत्तोरे ग्विझार्दी नावाचा अफाट मेकॅनिक आणि लुईजी बार्झिनी हा पत्रकार. दोन गाड्या दे दियों-बूतों कंपनीच्या, चालक कॉर्मिए आणि कोलिन्यों. चौथी हॉलंडची स्पायकर, चालवणारा शार्ल गोदार. हा गोदार म्हणजे वेगळ्याच भागाचा ऐवज आहे. गाडी उसनी, खिसा रिकामा, आणि तोंड मात्र कुबेराचं. त्याच्या शेजारी 'ल मातँ'चाच पत्रकार, द्यू तायी.

आणि पाचवी काँताल मोटोट्री. ताकद ६ हॉर्सपॉवर.

सहा. आज कॉलेजला जायला तुमच्याकडे जी साधी १०० सीसीची बाइक असते ना, तिची ताकद आठेक हॉर्सपॉवर असते. काँतालवर दोन माणसं, त्यांचं सामान, हत्यारं, पाणी, पेट्रोल, आणि पुढे सगळा आशिया खंड.

ही गाडी दिसायची कशी? आपली रिक्षा डोळ्यांसमोर आणा आणि ती उलटी फिरवा. आपल्या रिक्षाला पुढे एक चाक आणि मागे दोन. काँतालला पुढे दोन आणि मागे एक. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये खुर्चीसारखी बैठक, त्यात दुसरा माणूस बसणार, आणि चालवणारा त्याच्या मागे. म्हणजे धूळ, ऊन, किडे, सगळं आधी पाहुण्याच्या तोंडावर. छप्पर नाही. गाडीला जोर देणारं चाक एकच, मागचं.

शहरात ही गाडी वाईट नव्हती. हलकी, स्वस्त, गल्लीबोळात वळणारी. याच गुणांच्या जोरावर पुढे १९६०च्या दशकात पुण्याशेजारच्या आकुर्डीहून निघालेल्या तीनचाकीने आपली शहरं व्यापली. तीन चाकं ही वाईट कल्पना अजिबात नाही. प्रश्न रस्त्याचा आहे.

इथे एक मराठी शब्द कामाला येतो. चाकोरी. आपण तो सवयीच्या, ठरलेल्या वाटेसाठी वापरतो. पण मुळात चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेले चर. कच्च्या रस्त्यावर असे दोन समांतर चर पडतात, आणि नंतर येणारी प्रत्येक गाडी त्यातूनच जाते, कारण तिथली माती दाबून टणक झालेली असते. मधला पट्टा मात्र जनावरांच्या खुरांनी उकरलेला, भुसभुशीत. चारचाकी मोटारीची चाकं दोन्ही चाकोऱ्यांत बसू शकतात, निदान प्रयत्न तरी करता येतो. तीनचाकीला तिसरी चाकोरी लागते, आणि ती जगात कुठल्याच गाडीरस्त्यावर नसते. काँतालची पुढची दोन चाकं चरात गेली, तरी मागचं एकुलतं एक चाक, ज्यावर सगळा जोर, ते बरोबर मधल्या भुसभुशीत मातीत. चाक फिरणार, वाळू उडणार, गाडी तिथेच. त्यात पेट्रोल जास्त जळणार. ही तिसऱ्या चाकाची अडचण पेकिंगला निघण्याआधी कुणाच्या लक्षात आली नसेल, असं मला वाटत नाही. पण ज्या छोट्या कंपनीला नाव कमवायचं असतं ती असल्या गोष्टी बोलून दाखवत नाही.

१० जून १९०७च्या सकाळी पेकिंगमधल्या फ्रेंच वकिलातीतून पाचही गाड्या निघाल्या. बँड, फटाके, फोटो. पहिले काही दिवस भराभर सांगतो, कारण त्यात मोटारीने फारसं काही केलंच नाही. पाऊस, चिखल, आणि मग उत्तरेचे डोंगर. त्या घाटांतून गाड्या दोरखंड लावून, माणसं आणि जनावरं जुंपून ओढत नेल्या. ज्या शर्यतीत मोटार घोड्याला भारी पडते असं दाखवायचं होतं, तिची सुरुवात अशी झाली. शेवटी कालगान आलं, म्हणजे आजचं झांगजियाकोउ. तिथून वर चढलं की मंगोलियाचं पठार लागतं, आणि पुढे गोबी.

गोबी म्हटलं की सिनेमातल्या पिवळ्या टेकड्या आठवतात. बराचसा गोबी तसा नाही. सपाट, खडीचा, खुरट्या गवताचा, क्षितिजापर्यंत एकसारखा. थंडीत पारा उणे ४०च्या आसपास उतरतो आणि उन्हाळ्यात दुपारी अधिक ४०लाही भिडतो. समुद्रसपाटीपासून उंच असल्यामुळे रात्री गार पडतं, त्यामुळे सकाळी निघताना माणूस फसतो. वाटतं, काय एवढं.

कालगानपासून उर्गापर्यंत, म्हणजे आजच्या उलानबातरपर्यंत, चहाच्या व्यापाराची जुनी वाट होती. हजारएक किलोमीटर. उंटांच्या काफिल्याला महिनाभर लागे. आणि या काफिल्यांचं एक कॅलेंडर होतं. लांब पल्ल्याचे उंट चालायचे ते शरद ऋतूपासून वसंतापर्यंत. उन्हाळ्यात उंटांची लोकर गळते, अंगात ताकद राहत नाही, म्हणून त्यांना चरायला सोडायचं, पाठीवर चरबी धरू द्यायची. उंट! जो प्राणी आपण वाळवंटाचा राजा म्हणून शाळेत निबंधात लिहितो, त्याला तिथली माणसं उन्हाळ्यात सुट्टी देत. आणि 'ल मातँ'ने मोटारींना मुहूर्त दिला तो नेमका त्या सुट्टीत.

गंमत अशी, की मोटारींचं पेट्रोल वाटेवरच्या ठाण्यांपर्यंत पोचवून ठेवलं होतं ते उंटांच्याच पाठीवरून, आधी. पण एका ठाण्यापासून दुसऱ्या ठाण्यापर्यंत पोचायचं कसं, ही ज्याची त्याची जबाबदारी.

वाट चुकू नये म्हणून एकच खूण होती, टेलिग्राफच्या तारा. खांबामागून खांब धरून जायचं. वाटेत पाँग-किओंग नावाचं एक तारघर होतं. इटालातून आलेल्या बार्झिनीने तिथे आपल्या वर्तमानपत्राला तार करायला दिली. तिथल्या चिनी तारबाबूने कागदावर क्रमांक घातला, एक. बार्झिनीला वाटलं, आजची पहिली. नाही. तारघर उघडून सहा वर्षं झाली होती, आणि तिथून कुणी केलेली ही पहिलीच तार. यावरून अंदाज घ्या, की या वाटेवर मदतीला हाक मारायची तर ऐकायला कोण होतं.

बोर्गेझे ताकदवान गाडी घेऊन पुढे निघून गेला. मागे राहिल्या चार गाड्या, दोन दे दियों, स्पायकर आणि काँताल. या चौघांनी एकमेकांना धरून जायचं ठरलं होतं. म्हणजे जो अडकेल त्याला बाकीच्यांनी मदत करायची. शब्द दिला होता.

आणि पठारावर चढल्यावर काँताल मागे पडली. टाकी लहान, इंजिन तेवढंसं, मातीत मागचं चाक घसरतंय. पुढच्या तीन गाड्या दिसेनाशा झाल्या. त्या मुक्कामाला पोचल्या, रात्र झाली, पॉन्स आला नाही. त्यांनी आपसांत धरून चाललं, की तो कालगानला परत वळला असेल. आणि त्या पुढे निघाल्या.

पॉन्स परत वळलेला नव्हता. त्याचं पेट्रोल संपलं होतं.

इथे जरा थांबू, कारण अशा उन्हात शरीराचं काय होतं ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपलं शरीर स्वतःला गार ठेवतं ते घामाने. घाम वाळतो तेव्हा उष्णता घेऊन जातो. हवा कातडीपेक्षा थंड असेल तर वारा मदत करतो. पण हवाच चाळीसच्या घरात गेली की वारा उलट उष्णता आत आणतो, आणि मग आधार फक्त घामाचा. कोरड्या हवेत घाम येतो आणि त्याच क्षणी वाळतो. शर्ट भिजत नाही. माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये. प्रत्यक्षात उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जातं. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून पाच-सहा लिटर पाणी भरून न निघता गेलं, की पाय लटपटतात, डोकं चालत नाही, जिवावर बेतते. हिशोब करा. सकाळी चालायला लागलेला माणूस दुपारी कुठे असेल?

म्हणून वाळवंटाचा पहिला धडा असा, की गाडी बंद पडली तर गाडीजवळ थांबा, सावलीत पडून राहा, चालायचंच असेल तर रात्री चाला. इटालाखाली माणूस आडवा झाला असता. पण काँतालची सावली केवढी? एका सायकलीची आणि दोन खुर्च्यांची मिळून होईल तेवढी. आणि दुसरं, गाडीजवळ थांबण्यात अर्थ तेव्हा असतो, जेव्हा कुणीतरी शोधायला येणार असतं.

या दोघांनी वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग ते आल्या वाटेने पायी निघाले. पाणी संपलं. ऊन तेच. शेवटी वाटेतच कोसळले.

मरायचेच ते. तिथल्या भटक्या पशुपालकांना ते सापडले म्हणून वाचले. त्या लोकांनी त्यांना उचललं, जगवलं. मंगोल माळावरची रीत अशी, की गेरच्या, म्हणजे नमद्याच्या तंबूच्या दारात आलेल्याला आधी मीठ घातलेला दुधाचा चहा किंवा घोडीच्या दुधाचं आंबवलेलं ताक द्यायचं. त्याचं कामकाज काय, ते नंतर. यात भाबडेपणा नाही. जिथे पुढचा तंबू दिवसभराच्या अंतरावर असतो, तिथे आज तुम्ही दार लावलंत तर उद्या तुम्हाला कुणी उघडणार नाही. या शर्यतीतल्या प्रिन्सचं नाव, मेकॅनिकचं नाव, बोर्गेझेच्या गाडीचं इंजिन किती घनसेंटिमीटरचं हेसुद्धा नोंदलेलं आहे. पॉन्सला वाचवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही.

आता दोष कुणाचा? ऐकणाऱ्यांपैकी अर्धे जण एव्हाना कॉर्मिए आणि कंपनीला शिव्या देत असतील. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिल्या. पण त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. प्रत्येकाकडे पुढच्या ठाण्यापर्यंत जेमतेम पुरेल एवढं पेट्रोल. मागे वळून शोधायला गेलं की ते जळणार, आणि मग एकाऐवजी दोन गाड्या उन्हात. ही भीती खोटी नव्हती. पुढे याच वाळवंटात गोदारच्या स्पायकरचंही पेट्रोल संपलं, आणि तो आणि द्यू तायी मदत येईपर्यंत उन्हात भाजत बसले.

तरीही मला त्यांचं पटत नाही. कारण काँताल मागे पडणार हे कालगानला कळत होतं. ते कळायला वाळवंटात जायची गरज नव्हती. मग सगळ्यात कमजोर गाडी सगळ्यात शेवटी का? कुठलाही वारकरी सांगेल, म्हाताऱ्या माणसांना दिंडीत मध्ये घेतात, मागे ठेवत नाहीत. काफिल्यातही चाल ठरते ती दमलेल्या उंटावरून. इथे चाल ठरली ती पुढच्याच्या वेगावरून. आणि 'परत वळला असेल' हे वाक्य बघा. ते अंदाज म्हणून बोललं गेलं, पण काम त्याने निर्णयाचं केलं. बरं, पॅरिसमधला संपादक, ज्याने उन्हाळ्याचा मुहूर्त काढला, आणि ज्या कंपनीने ६ हॉर्सपॉवरवर दोन माणसं गोबीत धाडली, त्यांना तर कुणी विचारलंही नाही. पॉन्सचाही वाटा आहेच. त्याला आपली गाडी माहीत होती.

बाकीचं थोडक्यात. बोर्गेझे १० ऑगस्टला पॅरिसला पहिला पोचला, निघाल्यापासून बरोबर दोन महिन्यांनी. वाटेत मॉस्कोहून वाकडी वाट करून सेंट पीटर्सबर्गला मेजवानीलाही जाऊन आला, एवढी आघाडी होती. दोन्ही दे दियों आणि स्पायकर ३० ऑगस्टला पोचल्या. स्पायकरवर तेव्हा गोदार नव्हता. त्याच्या जुन्या फसवणुकीच्या भानगडींनी त्याला शेवटच्या टप्प्यात गाठलं होतं. सांगितलं ना, वेगळा भाग लागेल.

इटाला आज इटलीत तोरिनोच्या मोटार संग्रहालयात उभी आहे. तिकीट काढून बघता येते. काँताल कुणी परत आणायला गेलं नाही. ती जिथे थांबली तिथेच राहिली. तिचं पुढे काय झालं असेल? पत्रा, तारा, चामडं, रबर. माळावरच्या माणसांना यातलं काहीच टाकाऊ नसतं. मला आपलं वाटतं, की तिचा एखादा तुकडा कितीतरी वर्षं कुणाच्या तरी तंबूच्या दाराला कामाला आला असेल. हा फक्त माझा अंदाज, इतिहास म्हणून फॉरवर्ड करू नका.

आणि पॉन्स? एवढं होऊन हा माणूस गप्प बसला असेल असं वाटतं? १२ फेब्रुवारी १९०८ला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधून आणखी एक शर्यत सुटली, न्यूयॉर्क ते पॅरिस. सहा गाड्या. त्यातल्या एका सिझेर-नोदॅंवर पॉन्स होता. या वेळी चाकं चार. आणि या वेळी उन्हाळा नव्हता, भर हिवाळा होता, रस्त्यांवर बर्फ. बहुतेक शिकला होता. पण शंभरेक मैल जायच्या आतच गाडी मोडली आणि तो बाद झाला.

त्याची एक मुलगी होती, लिली. बाप गोबीत पडला होता तेव्हा ती नऊ वर्षांची होती. ही पुढे लिली पॉन्स म्हणून जगभर गाजलेली ऑपेरा गायिका झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिने वर्षानुवर्षं ज्या भूमिका गाजवल्या त्यातली एक होती 'लाक्मे'. ही ऑपेरा ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानात घडते, आणि लाक्मे असते नीलकंठ नावाच्या ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. दुसऱ्या महायुद्धात लिली सैनिकांसाठी गायला खरोखरच इकडे, भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर येऊन गेली. जूनमधल्या त्या एका दुपारी माळावरून कुणी गेलंच नसतं, तर पॅरिसला परत न आलेल्या बापाची मुलगी म्हणून ती वाढली असती.

पुढच्या भागात गोदार. उसनी गाडी, रिकामा खिसा आणि १५ हजार किलोमीटर. तोवर दुपारी बाहेर पडत असाल तर बाटली भरून घ्या, आणि रिक्षावाल्या काकांनाही विचारा, पाणी आहे का म्हणून.